सातव्या मजल्याची नोंद

परिपत्रक चार ओळींचं होतं. पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून आपलं ऑफिस शहरात हलत आहे, सर्वांनी आपापली टेबलं पंचवीस तारखेपर्यंत आवरावीत, आणि खाली नवा पत्ता. पत्ता मी दोनदा वाचला. शहर हा शब्द वाचून मी आधी घड्याळाकडे पाहिलं, ते कुठल्याही पत्त्यानं पाहिलं असतं. पण पत्त्याच्या शेवटी ‘सातवा मजला’ होतं, आणि माझा हात आपोआप पर्समध्ये गेला. पर्समध्ये मुलीची जादा चड्डी, ओल्या रुमालांचं पाकीट, एक तुटका रंगखडू, अर्धं बिस्कीट असला सगळा संसार असायचा. त्या अर्ध्या बिस्किटाला धरून मी बसून राहिले. आजूबाजूला सगळे एकदम बोलायला लागले होते. शहरात आता पुन्हा चांगली दुकानं उघडलीत, दुपारी पाय मोकळे करायला जागा आहे, इथं रिंगरोडच्या काठी आहे काय, एक पेट्रोल पंप. आमच्यात आलेख काढणारा एक जण आहे, त्याला आम्ही दशांश म्हणतो, कारण तो कुठलाच आकडा पूर्ण सांगत नाही. तो माझ्याकडे वळून म्हणाला, तू तर ती जागा दोनदा मोजली आहेस, कशी आहे? मी म्हटलं, चांगली आहे, उजेड आहे. खरंच उजेड होता तिथं. पूर्वेकडच्या खिडक्या, बेचाळीस खुर्च्या, आणि दाराजवळच्या टेबलावर एक टेलिफोन. टेलिफोनचं मी बोलले नाही.

माझ्या टेबलामागच्या खिडकीतून समोरच्या इमारतीचा तळमजला दिसायचा. तिथं पाळणाघर होतं. पावणेअकराला मुलांना जाळीच्या अंगणात सोडत, आणि पावणेअकरा ते सव्वाअकरा माझं काम म्हणजे आकड्यांवर बोट ठेवून जाळीकडे बघणं. माझी मुलगी दिसली की हातातली बेरीज पुरी व्हायची. नाही दिसली की मी उठायची, पाणी प्यायला म्हणून. एकदा ती चार मिनिटं दिसली नाही. त्या चार मिनिटांत मी मुलीला पडलेली पाहिली, घशात काही अडकून निळी झालेली पाहिली, कुणा अनोळखी माणसाचं बोट धरून रस्ता ओलांडताना पाहिली, आणि मग ती घसरगुंडीच्या मागून निघाली, नाक बाहीला पुसत. माझं असं चालतं. नवरा म्हणतो, तू सगळी संकटं आधीच वापरून ठेवतेस, खरी आली तर तुला जुनीच वाटतील. तो पहाटे दुसऱ्या टोकाच्या गोदामावर जातो आणि रात्री येऊन झोपलेली मुलगी बघतो, त्याला असं म्हणायला परवडतं. त्या खिडकीपायी मी दोन चांगल्या नोकऱ्या नाकारल्या होत्या. हे कुणाला सांगितलं नव्हतं. खिडकी हे काही माणसानं चारचौघांत सांगावं असं कारण नाही.

मी रिकाम्या जागा मोजते. कुणी विचारलं तर असंच सांगते, आणि समोरचा हसतो. आमची कंपनी दर तीन महिन्यांनी एक तक्ता काढते: शहराच्या मधल्या भागात ऑफिसच्या शंभर जागांतल्या किती रिकाम्या, आणि उपनगरात किती. चार-पाच वर्षांपूर्वी माणसं घरी बसून कामं करायला लागली तेव्हा शहर असं ओस पडलं की दुपारी बारा वाजता मोठ्या चौकात आपल्याच चपलांचा आवाज यायचा. उपनगरं तेव्हा टिकली, घराजवळ म्हणून. मग हळूहळू शहर सावरायला लागलं. आधी तळमजल्यांवर चहा-कॉफीची दुकानं आली, मग पहिल्या-दुसऱ्या मजल्यांवर वकील आणि दाताचे डॉक्टर, मग वरचे मजले. शहराची रेघ खाली यायला लागली, चौतीस, एकोणतीस, चोवीस. आणि आमच्या उपनगराची रेघ तितक्याच शांतपणे वर चढायला लागली, अकरा, पंधरा, एकोणीस. सगळे जण शहर कसं सावरतंय त्याच्या बातम्या द्यायचे. मला त्या रेघा भिंतीवरून दोन बाजूंनी येणाऱ्या मुंग्यांच्या रांगांसारख्या दिसायच्या. ज्या तिमाहीला या एकमेकींना ओलांडतील त्या तिमाहीला आपणही सामान बांधायचं, साहेब एकदा मिटिंगमध्ये हसत म्हणाले होते. सगळे हसले, मीही हसले, आणि हसता हसता मनात बसचा वेळ मांडला. शहर ते पाळणाघर, पंचावन्न मिनिटं. ऑफिस साडेपाचला सुटणार. पाळणाघराच्या ताईंचा नियम असा की सहाच्या आत मूल न्यायचं; वहीत उशिराची वेळ लिहून सही करायची; तिसऱ्या सहीला नाव कमी. ताई वाईट नाहीत. त्यांच्या दाराबाहेर नावं लावून वाट बघणाऱ्या तेवीस आया आहेत, मग कशाला वाईट व्हावं लागतं.

मोजणीचं काम दिसतं तितकं सोपं नाही. मालक सांगतो सगळं भरलंय, शेजारचा सांगतो सहा महिन्यांत कुत्रं फिरकलं नाही, म्हणून आमच्यात कुणाच्या शब्दावर लिहायचं नाही, स्वतः आत जाऊन बघायचं असा दंडक आहे. दाराच्या मुठीवर हात फिरवायचा. कचऱ्याची टोपली बघायची. कुंडीतली माती दाबून बघायची. आणि मग फॉर्मवर शेवटचा रकाना: इथं बसून काम करणाऱ्या व्यक्ती किती. वॉचमन, सफाईवाले, भेटीला आलेले धरायचे नाहीत. पण काम करणारं एक जरी माणूस असलं तरी मजला भरलेला. मला हे काम फार चांगलं जमतं. आई झाल्यापासून तर जास्तच. खोलीत शिरले की कुठं काय चुकलंय ते मला आधी दिसतं, मग खोली दिसते.

त्या सातव्या मजल्यावर पहिल्यांदा गेले तेव्हा काही चुकलेलं नव्हतं, हेच चुकलेलं होतं. टेबलांवर कागद होते, खुर्च्यांच्या पाठींवर दोन-तीन स्वेटर टाकलेले होते, दहा-बारा टेबलांवर चहाचे कप, तळाशी घोटभर चहा उरलेला. माणसं आत्ता उठून कुठंतरी गेलीत असं वाटावं. मी कपांकडे बघत राहिले. सगळ्या कपांत चहा सारख्याच उंचीचा होता. आणि सगळ्यांचे कान डाव्या बाजूला. तेवढ्यात आतून एक बाई आली, पंचावन्नच्या पुढची, केस घट्ट बांधलेले, आणि तिनं माझ्यापुढं खुर्ची ओढली ती डाव्या हातानं. ती टेलिफोनवर बसायची, सव्वीस वर्षं. कंपनी कुलपं आणि बिजागऱ्या बनवणारी. कारखाना केव्हाच बंद पडला होता, माणसं पांगली होती, मालक मुलाकडे परदेशी गेले होते आणि जाताना हिला सांगून गेले होते की मी कळवीपर्यंत रोजच्यासारखी येत जा. हे सगळं तिनं मला पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं नाही. पहिल्या पाच मिनिटांत ती म्हणाली की सगळे जेवायला गेलेत. मी घड्याळाकडे पाहिलं. साडेतीन वाजले होते.

“किती जण बसतात इथं?” मी विचारलं.

“बेचाळीस,” ती म्हणाली. मी कपांकडे पाहिलेलं तिनं पाहिलं होतं. “म्हणजे खुर्च्या.”

मग ती बोलत गेली. करारात कलम असतं, ते तिला पाठ होतं: सलग दोन तिमाह्या आमच्या तक्त्यात मजला रिकामा नोंदला गेला की इमारतीच्या मालकाला करार मोडता येतो. तो टपूनच बसला होता. शहर सावरतंय म्हटल्यावर सगळेच टपून बसले होते. ती म्हणाली, तुमच्या नियमात एक माणूस असलं तरी चालतं, मी विचारून ठेवलंय, आणि मी आहे की. रोज नऊला येते, दिवे लावते, खिडक्या उघडते, कप ठेवते. हे तिनं जसं सांगितलं तसं माझी आजेसासू देवघरातलं सांगायची. मी म्हटलं, काम करणारं माणूस लागतं. ती म्हणाली, मग मी फोन घेते की. आणि चहा करायला आत गेली. ती आत गेल्यावर मी तो फोन उचलून कानाला लावला. आत काहीच नव्हतं, ती बारीक घरघरसुद्धा नव्हती. मी तो जसा होता तसा ठेवून दिला. चहा चांगला होता. तिनं विचारलं, मूलबाळ? मी सांगितलं, तीन वर्षांची आहे. आणि कुणी मुलीचं विचारलं की मला थांबता येत नाही, म्हणून हेही सांगितलं की तिला पिवळा रंग आवडतो, पिवळ्या चमच्याशिवाय जेवत नाही, आणि पाळणाघर माझ्या खिडकीतून दिसतं. खिडकीचं मी तिला सांगितलं. नवऱ्यालासुद्धा नीट सांगितलेलं नव्हतं.

ती ऐकत होती आणि माझ्या डोक्यात आकडे चालले होते. त्या तिमाहीत दोन्ही रेघा इतक्या जवळ आल्या होत्या की दशांशचा जीव खालीवर होत होता. हा मजला मोठा. हा भरलेला धरला तर शहर उपनगराच्या खाली जातं, रिकामा धरला तर केसभर वर राहतं. एक केस. त्या केसाला माझी मुलगी लोंबकळत होती. मी निघाले तेव्हा बाई लिफ्टपर्यंत आली.

“ताई, भरलेलं लिहा हं,” ती म्हणाली. “माझ्यासाठी नाही म्हणत. शब्द दिलाय मी.”

“काळजी करू नका, काकू,” मी म्हणाले. “भरलेलंच लिहिते.”

लिफ्टला वेळ होता म्हणून मी जिन्यानं उतरले, आणि सातव्या-सहाव्याच्या मधल्या वळणावर, भिंतीला फॉर्म टेकवून, रिकामं लिहिलं. इथं बसून काम करणाऱ्या व्यक्ती: शून्य. खाली सही. मी खोटं का बोलले, यावर मी पुढं पुष्कळ विचार केला, आणि त्यात काही खोल सापडलं नाही. खरं सांगितलं असतं तर ती रडली असती, तिला समजावता समजावता माझी साडेचारची बस चुकली असती. एवढंच. शिवाय लिहिलेलं खोटं नव्हतं. बंद फोन घेणं हे काम नव्हे. नियम माझ्या बाजूचा होता, आणि नियम आपल्या बाजूचा असला की माणूस किती हलक्या पावलांनी जिना उतरतो. शहर वीस पूर्णांक एक, उपनगर वीस. दशांश म्हणाला, वाचलो बुवा एका केसानं, आणि त्याला माहीत नव्हतं तो कुणाला म्हणाला ते.

तीन महिन्यांनी दुसऱ्यांदा गेले तेव्हा थंडी सुरू झाली होती. या वेळी केसाबिसाचा प्रश्न नव्हता. रेघा एकमेकींना ओलांडून पुढं गेल्या होत्या, शहर सतरावर आलं होतं, उपनगर बावीसवर, आणि एक मजला इकडचा तिकडे केल्यानं काही अडणार नव्हतं. मी भरलेलं लिहू शकत होते. वर जाताना लिफ्टमध्ये मी भरलेलं लिहायचं ठरवलंही होतं, आणि तेवढ्यावरच मला माझा चांगुलपणा वाटायला लागला होता. ती दारातच उभी होती, जणू मला वर येताना बघितलं होतं. तिनं मला एकदम ए पोरी म्हटलं. म्हणाली, तीन महिने कुणी काही म्हणायला आलं नाही बघ, तू शब्द पाळलास. तिला नोटीस गेलेली नव्हती, कारण नोटीस दुसऱ्या नोंदीनंतर जाते. कप तसेच मांडलेले होते. मी तिच्या टेबलाशी बसले आणि तिनं खणातून कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. पिवळी लोकरीची टोपी. कान झाकणारी, खाली बांधायला दोन बंद, टाके इतके बारीक आणि सारखे की यंत्रावरची वाटावी. “इथं दिवसभर हात मोकळेच,” ती म्हणाली. “मापाचा अंदाजच केला. लेकीला दे.”

नको म्हणाले असते तर का नको ते सांगावं लागलं असतं. म्हणून घेतली. आणि घेतल्यावर, तिच्याकडे बघत असताना, मी ती पर्समध्ये कोंबून चेन ओढली. तिला इतकं सहज माझ्यावर विश्वास ठेवता येतो याचाच राग आला. कुणाही परक्या बाईवर असा विश्वास टाकणाऱ्या माणसाचं जे होतं ते व्हायला हवं, असलं काहीतरी. मला स्वतःला पाळणाघराच्या ताईंवर, नवऱ्यावर, बसच्या ड्रायव्हरवर, कुणावर पाच मिनिटं टाकता येत नाही, आणि ही बाई इतके दिवस परदेशी गेलेल्या एका माणसाच्या शब्दावर आणि तीन महिने माझ्या शब्दावर बसून विणत होती. जिन्याच्या त्याच वळणावर मी थांबले. मागच्या वेळी रिकामं आणि आता भरलेलं लिहिलं तर दशांश विचारणार, कोण आलं तिथं? मग कंपनीचं नाव, माणसांची संख्या, दोन्ही फॉर्म शेजारी ठेवून बघणार. मुलीसाठी नाही, कशासाठीच नाही, नुसतं कुणी विचारू नये म्हणून मी पुन्हा शून्य लिहिलं. टोपी पर्समध्ये होती. तिच्या बंदाचं एक टोक चेनमध्ये अडकून बाहेर लोंबत होतं.

टोपी मुलीला इतकी आवडली की ती घालूनच झोपायची. जाळीच्या अंगणात पंचवीस मुलांत ती मला आता क्षणात सापडायची. आणि परिपत्रक आलं त्या सकाळी, हातात अर्धं बिस्कीट धरून, मला माझी चूक कळली. आमच्या धंद्यातल्या माणसानंच करावी अशी चूक. मी टक्केवारीकडे बघत होते. टक्केवारीच्या मागे एक यादी असते, रिकाम्या मजल्यांची, पत्त्यांसकट, आणि ती यादी साहेबांच्या टेबलावर आधी येते, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. करार मोडलेला, सामानासकट, लगेच मिळणारा, पूर्वेच्या उजेडाचा मजला. शहराची रेघ वर धरून ठेवायच्या नादात मी शहराचा पत्ता स्वतःच्या हातानं लिहून दिला होता.

पहिल्या दिवशी सगळे खूश होते. खुर्च्या त्याच होत्या. टेबलांवर कपांच्या बुडांची गोल वर्तुळं उमटलेली होती, दशांशनं ती पुसून बघितली, निघाली नाहीत. बसण्याची यादी साहेबांनी केली होती, आणि मला जागा आली दाराजवळची, फोनची. फोन काढून नेला होता, तारेचं तोंड भिंतीतून बाहेर राहिलं होतं. खिडकी पाठीमागं. तिच्यातून समोरची इमारत दिसायची, तरी पावणेअकराला मी मान वळवायची. समोरच्या काचेत आमचाच मजला दिसायचा, दिवे लावलेला, आणि दाराजवळच्या टेबलाशी एक बाई.

वॉचमननं मला ओळखलं. दुपारी खाली उभी होते तेव्हा तो आपण होऊन सांगायला लागला. नोटीस लागल्यावरही बाई आठवडाभर येत राहिली. वर सोडायचं नाही म्हणून हुकूम होता, तर लिफ्टसमोरच्या बाकावर नऊ ते साडेपाच बसायची, डबा तिथंच खायची. तो म्हणाला, तुमचं नाव काढायची बरं का, मोजायला येणारी मुलगी चांगली आहे म्हणायची, तिनं भरलेलंच लिहिलंय, वर कुणीतरी बदललं असणार. भांडलीसुद्धा त्यावरून इमारतीच्या मालकाच्या माणसाशी. मग त्यानं एक दिवस तिला कागद दाखवले. त्यानंतर गप्पच. दुसऱ्या दिवसापासून आली नाही. कुठले कागद, ते मी विचारलं नाही. नोटिशीला आमचे फॉर्म जोडतात, सहीसकट, हे मला माहीत होतं, आणि माहीत असलेली गोष्ट विचारायची नसली की किती सोपं असतं, मी म्हटलं, थंडी वाढली नाही का.

पहिली सही सहा वाजून सव्वीस मिनिटांची, दुसरी सहा वाजून तेहतिसांची. तिसऱ्या वेळी पुलावर बस अडकली आणि मी पोचले तेव्हा पावणेसात होऊन गेले होते. मुलगी पाळणाघराच्या बोळात बाकावर बसली होती, स्वेटर, टोपी, दोन्ही बंद बांधलेले, दप्तर मांडीवर, पाय अधांतरी, आणि ताई एकेक दिवा मालवत होत्या. ती रडत नव्हती. मला बघूनही उठली नाही. बोळातल्या अर्ध्या अंधारात ती इतक्या शहाण्यासारखी बसली होती की मला आधी लिफ्टसमोरच्या बाकावरची ती बाई आठवली आणि मग माझी मुलगी दिसली. ताईंनी वही पुढं केली आणि मी सही केली. माझी सही सुंदर आहे, लोक म्हणतात. ताई म्हणाल्या, वाईट वाटून घेऊ नका, नियम सगळ्यांना सारखा. मी म्हटलं, हो, बरोबर आहे.

मग सुरू झालं ते सगळ्यांच्या घरी होतं तेच. नवरा म्हणाला, बघ तुला कसं जमतंय. सासूबाई फोनवर म्हणाल्या की आम्ही कॉलेज शिकलो नाही ते बरंच झालं, मुलं तरी आमच्याजवळ वाढली. चार दिवस मुलीला ऑफिसात नेलं. ती टेबलाखाली बसून त्या तुटक्या खडूनं जुन्या फॉर्मांच्या पाठीवर वर्तुळं काढायची. साहेब वाकून तिच्याकडे बघत म्हणाले, हिला धरायचं का मोजणीत? सगळे हसले आणि मीही हसले, आणि साहेब तसेच हसत म्हणाले, सोमवारपासून मात्र काहीतरी बघा. शनिवारी अर्ध्या दिवसानं निघताना वॉचमननं हातात चिठ्ठी ठेवली. म्हणाला, तुमची अडचण ऐकली. ती वरची बाई घरी मुलं सांभाळते म्हणे आता, मागच्याच गल्लीत, तिसरा मजला, ओळखीची आहे तुमच्या, नाही म्हणायची नाही.

मी लगेच गेले. चालताना मनात वाक्यं जुळवत होते. ती विचारेल, तू भरलेलं लिहिलं होतंस ना? मी म्हणेन, हो काकू, वर कुणीतरी बदललं. हे मला इतकं सरावाचं वाटलं की मी गल्लीच्या तोंडाशीच तिला ते म्हणून टाकलं होतं, तिनं मला माफ केलं होतं, आणि मुलगी तिच्या मांडीवर बसून पिवळ्या चमच्यानं खात होती. मागच्या गल्लीतून ऑफिसपर्यंत चार मिनिटं. उशीर होण्याचा प्रश्नच नाही. कदाचित सातव्या मजल्याच्या मागच्या बाजूनं तिची खिडकी दिसतही असेल. जिन्यावर मुलीनं माझा हात सोडला आणि एकेक पायरी मोजत चढली, तिला सातपर्यंतच येतं, मग पुन्हा एकपासून.

दार तिनंच उघडलं. केस तसेच घट्ट. तिनं मला नाही, आधी मुलीला पाहिलं, आणि खाली वाकली. टोपीचा एक बंद सुटला होता तो तिनं डाव्या हातानं बांधला, सावकाश, दोन पाकळ्या सारख्या करून.

“बसली बरोबर,” ती म्हणाली. “अंदाजच केला होता.”

मी बोलायला लागले. तुम्ही मुलं सांभाळता असं कळलं, एकच आहे, मी साडेपाचला सुटते, पाच-पस्तीसला दारात असेन, ती त्रास देत नाही, एका कोपऱ्यात बसते. माझं संपल्यावर ती सरळ उभी राहिली.

“भरलंय,” ती म्हणाली.

“काकू, एखादीच जागा...”

“नाही, ताई. जागाच नाही.”

ती मला पोरी म्हणाली नाही, हे मला एखाद्या आकड्यासारखं स्वच्छ कळलं. मी विचारलं, किती मुलं आहेत? ती म्हणाली, पाच. दार अर्धं उघडं होतं, आणि माझ्या डोळ्यांना जी सवय आहे तिला मी काय करणार. तिच्या खांद्यावरून आत पाच छोट्या खुर्च्या दिसल्या, ओळीत. खाली नवी चटई, तिच्या घड्यांच्या रेघा अजून मोडलेल्या नव्हत्या. ठेंगण्या टेबलावर पाच छोटे पेले, पाचांचेही कान डावीकडे, आणि प्रत्येकात सारख्याच उंचीचं दूध. पाच मुलं असलेल्या घराला आवाज असतो, झोपली असली तरी असतो. तिथं घड्याळ ऐकू येत होतं. तिच्याकडे अजून एकही मूल आलेलं नव्हतं, कदाचित येणारही नव्हतं, आणि माझं पहिलं आलं असतं. मी बघते आहे हे ती बघत होती. तिनं दार लोटलं नाही. उलट, बाजूला सरून ते पूर्ण उघडलं, मला नीट दिसावं म्हणून, आणि दाराच्या मुठीवरचा हातही काढून घेतला.

“बघून घ्या,” ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता, टेलिफोनवर सव्वीस वर्षं वापरलेला. “तुम्हाला कळतं ना नुसतं बघून.”

मी म्हटलं, बरं, येते. मुलीचा हात धरला. आमच्या मागे दार बंद झाल्याचा आवाज बराच वेळ आला नाही. आम्ही उतरत होतो आणि ती उघड्या दारात उभी असावी. तिसऱ्या-दुसऱ्याच्या मधल्या वळणावर मी सवयीनं थांबले. भिंत होती, पर्समध्ये पेन होतं.

“आई,” मुलगी म्हणाली, “तिथं तर कुणीच नव्हतं.”

“होतं,” मी म्हणाले. “भरलेलं होतं.”